धार डावीकडे, धार उजवीकडे

इंदूरच्या पोलोग्राउंडवरच्या छापखान्यात नंदिनी तायडे पोहोचली, तेव्हा रामभाऊंनी पहिली प्रत तिच्यासाठी वेगळी काढून ठेवली होती, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून.

"बघा मॅडमजी, निळा कसा उतरलाय. तुम्ही म्हणाल्या होत्या ना, पाणी पाण्यासारखं दिसलं पाहिजे. दो बार प्लेट बदलली, बोला!"

नंदिनीनं उभ्याउभ्याच पुस्तक चाळलं. 'आनंदाची ओंजळ'. मुखपृष्ठावर दोन छोटे सावळे हात, एकमेकांना जोडलेले, आणि वरून पडणारी पाण्याची धार. खाली तिचं नाव. तिनं रंग बघितले, कडा बघितल्या, शिवण ओढून बघितली. मजकूर वाचायची तिला गरजच नव्हती. तो तिला तोंडपाठ होता. तीन हिवाळे घालवून तिनं त्यातला एकेक शब्द बसवला होता.

"आजकल पाण्याचाच मुद्दा मोठा आहे," मशीनच्या खडखडाटात रामभाऊ ओरडले. "अच्छा किया, यावर काढलं ते. बाकीचा माल आज दुपारीच शाळांकडे निघतोय. स्मिता मॅडमचा फोन होता."

नंदिनीनं मान हलवली. पुढे तिला पाण्याच्या मुद्द्याचं हे वाक्य कितीदा तरी आठवलं, पण त्या शुक्रवारी ती इतकी खुशीत होती, की घरी जाताना अर्धा डझन जिलब्या घेतल्या आणि रस्त्यातच दोन खाल्ल्या.

सागरगोटे प्रकाशन दोघींचं होतं. नंदिनी आणि स्मिता दाबके. नऊ वर्षांपूर्वी नंदिनी एका प्राथमिक शाळेत शिकवायची आणि रविवारी एका वाचनालयात मुलांना गोष्टी सांगायची. स्मिता तेव्हा नाशिकहून नवीनच आलेली. नवरा हृषीकेश पिथमपूरच्या कारखान्यात लागला म्हणून. एका रविवारी ती मागे येऊन बसली आणि गोष्ट संपल्यावर म्हणाली, "हे कुठल्या पुस्तकातलं?"

"कुठल्याच नाही."

"मग करू या ना पुस्तक."

अशी सुरुवात झाली. अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या गल्लीत, वह्या-पेनांच्या दुकानावर दोन खोल्या. डावीकडच्या पानावर मराठी, उजवीकडच्या पानावर हिंदी, कारण इंदूरची मराठी मुलं आजीशी मराठीत बोलतात आणि वाचतात हिंदीत. लिहिण्याचं काम नंदिनीचं, दोन्ही भाषांत. पानं लावणं, छापखाना, शाळांच्या मॅडम लोकांशी बोलणं स्मिताचं. चौदा पुस्तकं झाली होती. दरवर्षी चौदा एप्रिलला महूला गर्दी लोटते, तेव्हा रणरणत्या उन्हात टेबल मांडून दोघी पुस्तकं विकत उभ्या राहायच्या, आणि दुपारी नंदिनीच्या माहेरी भाकरी-ठेचा खायला जायच्या. नंदिनीची आई, कौसल्याबाई, स्मिताला "आमची नाशिकवाली" म्हणायची.

पंधरावं पुस्तक आबांचं होतं.

आबा म्हणजे नंदिनीचे आजोबा, आनंदराव. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता अठ्ठ्याऐंशीचे. महूला नातू बुद्धरत्नकडे राहतात. फौजेतल्या गोष्टी ते भरपूर सांगत. लडाखची थंडी, खेचरं, एका मेजरचं कुत्रं. पण फौजेच्या आधीचं काही विचारलं, की "छोडो बेटा" म्हणून रेडिओ लावत. बऱ्हाणपूरकडचं एक गाव, तिथली दोन खोल्यांची शाळा आणि सात-आठ वर्षांचा आनंदा, एवढंच घरातल्यांना ठाऊक होतं.

नंदिनीनं तीन हिवाळे त्यांच्यापाशी बसून ते काढलं. कधी मटार सोलताना, कधी अंगणात ऊन खाताना, एकेक तुकडा. शाळेच्या ओसरीत एक रांजण होता. बाकीची मुलं ओगराळ्यानं पाणी घ्यायची. आनंदाला रांजणाला हात लावायची मनाई. गुरुजींनी जमिनीवर खडूनं एक रेघ ओढलेली, तिच्या अलीकडे त्यानं उभं राहायचं आणि गोपाळ नावाच्या मुलानं वरून पाणी ओतायचं. गोपाळच्या मनात आलं की तो धार डावीकडे न्यायचा, मनात आलं की उजवीकडे. आनंदाची ओंजळ त्या धारेमागे पळायची आणि पोरं हसून लोटपोट व्हायची. पुढे वडील वारल्यावर मामानं त्याला महूच्या छावणीत आणलं. तिथं बराकींच्या लाइनीच्या टोकाला नळ होता. आनंदानं स्वतःच्या हातानं तो सोडला, पोट दुखेपर्यंत पाणी प्यायला, बंद केला. मग तहान नसताना पुन्हा सोडला. कुणी काही बोललं नाही.

"हे पोरांना कशाला सांगायचं?" आबांनी विचारलं होतं.

"पोरांनाच सांगायचं, आबा. जसं तुम्ही सांगितलं तसंच छापणार. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

शेवटी आबा म्हणाले होते, "ठीक है. लिही."

रविवारी सकाळी ती पुस्तक घेऊन महूला गेली. आबा आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून खुर्चीत तयार बसले होते. आईनं सांगितलं, सकाळी सहापासून विचारतायत, नंदा किती वाजता येणार. आबांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून बुद्धरत्नची पाचवीतली मुलगी संबोधी वाचायला बसली. आई स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभी राहिली. नंदिनी आबांच्या पायाशी खाली बसली, त्यांचा चेहरा दिसावा म्हणून.

पहिली पानं बरोबर होती. गाव, आई, शाळेची घंटा. आबा प्रत्येक चित्रावर बोट ठेवून बघत होते. "ही चिंच होतीच तिथं," म्हणाले.

संबोधीनं सातवं पान उलटलं.

"आनंदा आणि गोपाळ जिवलग मित्र," तिनं वाचलं. "दुपारच्या सुट्टीत दोघांचा पाण्याचा खेळ रंगायचा. धार डावीकडे, धार उजवीकडे! सगळी पोरं खदखदून हसायची. पण अरेरे, केवढं पाणी वाया जायचं!"

नंदिनीला क्षणभर वाटलं, पोरगी मस्करी करतेय. तिनं पुस्तक ओढून घेतलं. तसंच छापलेलं होतं. चित्र तेच होतं, यतीननं काढलेलं. रांजणापाशी उंच उभा गोपाळ, हातात ओगराळं, वाकडी पडणारी धार, मागे हसणारी तोंडं. पण जमिनीवरची पांढरी रेघ तिथं नव्हती. तिनं भराभर पानं उलटली. शेवटच्या पानावर आनंदाचा हात छावणीतल्या नळावर, आणि खाली लिहिलेलं, "आनंदानं नळ घट्ट बंद केला. एकही थेंब वाया घालवायचा नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं. तुम्ही पण ठरवाल ना?"

"आत्या, दे ना, अजून वाचायचंय," संबोधी म्हणाली.

"वाचू दे तिला," आबा म्हणाले.

संबोधीनं शेवटपर्यंत वाचलं. तिला गोष्ट आवडली. तिनं टाळ्या पण वाजवल्या. आबांनी पुस्तक हातात घेतलं, मुखपृष्ठावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "चित्रं छान आहेत." मग आईला म्हणाले, "कौसल्या, चहा कर."

आई आत गेली. संबोधी तिच्या मागे गेली. आबा नंदिनीकडे न बघता म्हणाले, "नंदा, तुला कुणी सांगितलं होतं का, असं लिही म्हणून?"

"नाही आबा. मी नाही लिहिलं हे. शपथ. मी तसं लिहिलंच नव्हतं."

"तुझं नाव आहे ना वर?"

तिनं सगळं सांगायचा प्रयत्न केला. फाइल स्मिताकडे असते, पानं ती लावते, तिनंच केलं असणार, मला कळलंच नाही. बोलताबोलता तिचं तिलाच ते खोटं वाटायला लागलं. स्वतःचं पुस्तक न वाचता कुणी आजोबांसमोर ठेवतं का?

"ठीक है, बेटा," आबा म्हणाले. हे ते ज्या आवाजात म्हणाले, त्या आवाजात ते दारावर आलेल्या परक्या माणसाशी बोलत.

परतीच्या बसमध्ये तिनं यतीनला फोन लावला. यतीन त्यांचा चित्रकार, पंचविशीतला, नेहमी हसतमुख.

"यतीन, सातव्या पानावरची रेघ कुठंय?"

"ताई, वो तो स्मितादीदींनी काढायला सांगितली. म्हणाल्या, तुमचं दोघींचं ठरलंय."

"तुला मला विचारावंसं नाही वाटलं?"

"वाटलं होतं. फोन हातात पण घेतला होता. सॉरी ताई. मला वाटलं, मोठ्या लोकांचं काही चाललं असेल."

सोमवारी सकाळी ती खोलीवर पोहोचली, तेव्हा स्मिता आधीच आलेली होती, शाळांच्या याद्या समोर पसरून. नंदिनीनं पुस्तक त्या याद्यांवर ठेवलं. स्मितानं वर बघितलं आणि नंदिनीला कळलं, की ही चार दिवस याच क्षणाची वाट बघत होती.

"वाचलंस?"

"आबांनी ऐकलं. संबोधीनं वाचून दाखवलं त्यांना."

स्मितानं डोळे मिटले. "अगं, मी तुला सांगणार होते. गुरुवारचा शाळेतला कार्यक्रम झाला, की सांगणार होते."

"काय सांगणार होतीस?"

"बस तरी."

"मी बसत नाही."

स्मितानं सांगायला सुरुवात केली, घाईघाईनं, पाठ केल्यासारखं. शहरातल्या एकाच संस्थेच्या अकरा शाळांच्या वाचनालयांचं काम बघणाऱ्या भानुमती मॅडम. त्यांनी कच्ची प्रत वाचली आणि म्हणाल्या, सुंदर आहे, पण मुलांसाठी विषय जड आहे, पालक तक्रार करतील. पर्यावरणाच्या कप्प्यात काही असेल तर अकराच्या अकरा शाळा घेतील. "नऊ वर्षांत पहिल्यांदा अकरा शाळा, नंदिनी. आपली पुस्तकं खोक्यांत पडून असतात. चित्रं तीच होती, सगळं तेच होतं, फक्त—"

"फक्त शब्द."

"हो, शब्द. थोडे."

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणाले असते."

"म्हणूनच नाही विचारलं," स्मिता म्हणाली, आणि असं बोलून गेल्यावर तिचा चेहरा उतरला.

खाली दुकानात कुणी तरी जाड पुठ्ठा मागत होतं. दुकानदार नाही म्हणत होता आणि माणूस पुन्हा मागत होता. नंदिनी ते ऐकत उभी राहिली. तिच्या मनात काही जुळत नव्हतं. स्मिता भित्री नव्हती. दोन वर्षांपूर्वी एका शाळेनं मुलीच्या पाळीवरचं पुस्तक परत पाठवलं, तेव्हा हीच बाई मुख्याध्यापकांच्या खोलीत अर्धा तास भांडून आली होती.

"भानुमती मॅडम एवढं म्हणाल्या आणि तू ऐकलंस?"

"नाही." स्मिता याद्यांची कडा दुमडत होती, उलगडत होती. "त्यांच्या आधी पूर्वानं वाचलं होतं."

पूर्वा म्हणजे स्मिताची मुलगी, नऊ वर्षांची. सागरगोटे प्रकाशनाचं प्रत्येक पुस्तक आधी तिला वाचायला देत.

"तिनं सातवं पान दोनदा वाचलं. मग मला म्हणाली, आई, आपण यात कोण आहोत? पाणी ओतणारे की पिणारे?" स्मिताचा आवाज बारीक झाला. "मी नुसती बघत बसले तिच्याकडे. माझ्या पणजोबांच्या गावी पण असंच असणार ना गं. मला माहितीय. पण नऊ वर्षांच्या मुलीला मी काय सांगू? तिनं काय केलंय?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, नंतर सांगते. मग भानुमती मॅडमचा फोन आला, आणि मला वाटलं… मला सुटल्यासारखं वाटलं, नंदिनी. खोटं कशाला बोलू."

नंदिनीला राग यायला हवा होता. आलाही, पण नंतर, पंधरा-वीस दिवसांनी, भाजी निवडताना वगैरे. त्या वेळी तिला आठवत होता तो मागच्या चौदा एप्रिलचा दिवस. आबा पाट टाकून याच बाईला आग्रहानं वाढत होते. "घे, लाजू नको, आमच्याकडचा ठेचा इंदुरात मिळत नाही." आणि स्मिता डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खात होती, हसत होती. त्या वेळी तिला पुस्तकातलं सगळं माहीत होतं. पहिला खर्डा वाचून तिनंच नंदिनीला मिठी मारली होती.

"आबांना वाटलं, मी लिहिलं ते," नंदिनी म्हणाली.

स्मिता रडायला लागली. नंदिनीनं तिला रडू दिलं. एरवी तिनं पाण्याची बाटली पुढे केली असती.

"गुरुवारी येशील ना?" शेवटी स्मितानं विचारलं. "मुलं लेखिकेची वाट बघतायत. तुझं नाव छापलंय निमंत्रणावर. नंतर तू म्हणशील ते करू. पुढच्या छपाईत—"

"येईन," नंदिनी म्हणाली.

कार्यक्रम पलासियाकडच्या शाळेत होता. चौथीच्या दोन वर्गांची मुलं सतरंजीवर बसलेली, दर दोघांत एक पुस्तक. भिंतीवर निळ्या कागदाचे थेंब चिकटवलेले. भानुमती मॅडम साठीच्या, मऊ बोलणाऱ्या, सुती साडीतल्या. त्यांनी नंदिनीला गुलाबाचं फूल दिलं आणि माइकवर म्हणाल्या, "बच्चों, जल ही जीवन है, और आज हमारे बीच वो लेखिका हैं जिन्होंने हमें यह सुंदर संदेश दिया है."

नंदिनीच्या पिशवीत मूळ पानं होती. ती वाचून दाखवायची, मग सगळ्यांसमोर सांगायचं, की हे पुस्तक खोटं आहे, असं ठरवूनच ती आली होती. पण समोर साठ-सत्तर मुलं मांडी घालून बसली होती, एकानं तर पाण्याच्या बाटलीचा पट्टा तोंडात धरला होता. त्यांच्यापुढे दोन बायकांचं भांडण काय मांडायचं? मागच्या भिंतीशी स्मिता उभी होती, हाताची घडी घालून.

"सातवं पान काढा," नंदिनी म्हणाली. "सात नंबर. वाचू नका. फक्त चित्र बघा. काय दिसतंय? जो दिख रहा है, वो बोलो."

"पानी!" "मटका!" "सब हस रहे हैं!" मुलं ओरडली.

पहिल्या रांगेतली दोन शेंड्यांची एक मुलगी चित्राच्या अगदी जवळ नाक नेऊन बघत होती. तिच्या गळ्यातल्या कार्डावर अनुष्का लिहिलेलं होतं. ती म्हणाली, "मॅम, ये वाला नहीं हस रहा."

"कौनसा?"

"आनंदा. बाकी सब हस रहे हैं. ये नहीं."

सगळी डोकी पुस्तकात वाकली. "हाँ मॅम, सच्ची!" "ये तो रोने जैसा मुँह है." मग मागून एक मुलगा म्हणाला, "खेल है तो हाथ ऐसे क्यों किये?" त्यानं स्वतःची ओंजळ करून दाखवली. "ये तो माँग रहा है."

"वो खुद क्यों नहीं ले लेता?" अनुष्का म्हणाली. "मटका तो वहीं रखा है."

यतीननं रेघ पुसली होती. चेहरा बदलायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"कारण त्याला रांजणाला हात लावायची मनाई होती," नंदिनी म्हणाली. मग तिनं हिंदीत सांगितलं. पाच-सहा वाक्यंच. तो मुलगा कोण, रेघ कुठं होती, मनाई का होती, धार का हलायची. तो मुलगा आज अठ्ठ्याऐंशीचा आहे आणि माझे आजोबा आहेत. गोष्ट नळ बंद करण्याची नव्हती, उघडण्याची होती. दोनदा. दुसऱ्यांदा तर उगाच.

अनुष्कानं हात वर केला. "और गोपाळ? वो अब कहाँ है?"

"पता नहीं," नंदिनी म्हणाली. खरंच तिला ठाऊक नव्हतं. आबांना तिनं कधी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात भानुमती मॅडमनी माइक हळूच, अगदी प्रेमानं, तिच्या हातातून काढून घेतला. "बहुत सुंदर. तो बच्चों, आज हमने क्या सीखा?" मुलं एकमेकांकडे बघायला लागली. "पानी…" मॅडमनी सुचवलं.

"पानी बचाना!" सवयीनं सगळी मुलं एका सुरात ओरडली, आणि टाळ्या वाजल्या.

बाहेर जिन्यात स्मितानं तिला गाठलं. तिचा चेहरा लाल झाला होता. "तू मला तोंडघशी पाडलंस. सगळ्यांसमोर. मला आधी सांगायचंस तरी!"

"आधी सांगायचं?" नंदिनी म्हणाली. आणखी काही बोलायची गरज राहिली नाही. स्मिताच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ती पायऱ्या उतरून निघून गेली.

नंदिनीला वाटलं होतं, आता काही तरी होईल. शाळा पुस्तकं परत पाठवेल किंवा पालकांचे फोन येतील. तसं काहीच झालं नाही. अकरा वाचनालयांत पुस्तक राहिलं, पर्यावरणाच्या कप्प्यात. महिन्याभरात आणखी दोन शाळांनी मागितलं. भाऊ बुद्धरत्न म्हणाला, नोटीस पाठव. ती पलासियातल्या एका वकिलांकडे गेलीही. त्यांनी विचारलं, तुमच्या दोघींत लिखापढी काय आहे? तेव्हा नंदिनीच्या लक्षात आलं, की नऊ वर्षं पुस्तकं छापणाऱ्या दोघींनी एकमेकींकडून एक ओळ लिहून घेतली नव्हती. वकील म्हणाले, तरी लढता येईल, तुमचा कच्चा खर्डा आणा. मग कोर्टात सिद्ध काय काय करावं लागेल, ते त्यांनी समजावलं. आबांचा जबाब. गावाचं नाव. साक्षीदार. ती "कळवते" म्हणून उठली आणि पुन्हा गेली नाही.

तिनं एवढंच केलं, की स्मिताला दोन ओळींचा मेसेज पाठवला. माझं नाव काढ, आणि मुलाचं नावही बदल. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तुझं नाव काढते. मुलाचं कसं बदलणार, ते मुखपृष्ठावर आहे, आणि शाळांत याच नावानं गेलंय. शेवटी लिहिलं होतं, कधी तरी बोलू या ना. नंदिनीनं उत्तर दिलं नाही. दुसऱ्या छपाईत 'लेखन: सागरगोटे परिवार' असं आलं. खोलीची तिच्याकडची किल्ली तिनं खालच्या दुकानदाराकडे देऊन टाकली आणि जूनपासून पुन्हा शाळेत शिकवायला लागली, दुसरीच्या वर्गाला.

आबांनी त्या रविवारनंतर पुस्तकाचा विषय काढला नव्हता. ती जायची, ते तिची चौकशी करायचे, रेडिओ लावायचे. जुलैत एकदा ती मूळ पानं घेऊन गेली. आबा ओसरीत बसून नखं कापत होते.

"आबा, मी लिहिलेलं हे. खरं. वाचून दाखवू?"

"नको. मला माहितीय काय झालं ते." त्यांनी एक नख कापलं, कागदावर ठेवलं. "बुद्धरत्न सांगत होता, तू शाळेत पोरांना खरं सांगितलंस."

"पाच मिनिटं. मग त्यांनी माइक काढून घेतला."

"पोरं काय म्हणाली?"

तिनं सांगितलं. आनंदा हसत नाही हे ओळखणारी मुलगी, ओंजळ करून दाखवणारा मुलगा. आबा ऐकत होते, नखं कापायचं थांबवून. मग ती म्हणाली, "त्या मुलीनं विचारलं, गोपाळ आता कुठंय. मला सांगता नाही आलं."

आबांनी नेलकटर मिटवलं.

"गोपाळ वारला. दोन हजार चारमध्ये," ते म्हणाले. "त्याच्या आधी एकदा मी गेलो होतो गावी. रिटायर झाल्यावर. कुणाला सांगितलं नव्हतं, तुझ्या आजीलाही. म्हटलं, बघून येऊ शाळा. रस्त्यात तोच भेटला. म्हातारा झालेला, एक डोळा गेलेला. ओळखलं त्यानं. घरी घेऊन गेला, खाटेवर बसवलं, बाजूला बसला. सुनेला म्हणाला, पाणी आण, हवालदारसाहेब आलेत. तिनं आणलं. चकचकीत स्टीलच्या पेल्यात, ताटलीत ठेवून."

"मग?"

"मी नाही प्यायलो."

"तहान नव्हती?"

"मे महिना होता, नंदा. आठ मैल चाललो होतो." त्यांनी नखांचा कागद घडी केला. "त्यानं तो पेला माझ्यासमोर धरून ठेवला होता. त्याचा हात हलायला लागला. पाणी सांडलं त्याच्या धोतरावर. तरी मी हात पुढे नाही केला. मग उठलो आणि आलो."

नंदिनीची टिपणांची वही पिशवीत होती. तिनं पिशवीला हात लावला नाही.

"चुकलं का माझं?" आबांनी विचारलं. ते खरंच विचारत होते.

"मला नाही माहीत, आबा."

"मला पण नाही," ते म्हणाले. तेवढ्यात आईनं आतून हाक मारली, पानं वाढलीयत, गरम आहे तोवर या. आबांनी उठायला तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ते दोघं आत गेले.